तुसाची राख

गाडीच्या टपावर सकाळी बोट फिरवलं आणि बोटाला काय लागलं ते नीट पाहिलं, तर आमच्या अड्याळात कोणता महिना चालू आहे हे पंचांग न उघडता सांगता येतं. चैत्रात बोट चिकट होतं. मोहाची फुलं पहाटे टपटपतात आणि ज्या पत्र्यावर पडतील तिथं साखरेचा पातळ थर सोडून सुकतात. ज्येष्ठात जांभळाचे डाग. आषाढात रोवणी लागली की चिखलणीचे ट्रॅक्टर बांधीतून सरळ रस्त्यावर चढतात, आणि भंडारा–पवनी रस्त्यावर त्यांच्या चाकांनी सोडलेली ढेकळं मागून येणाऱ्याच्या दारांवर उडतात. आश्विनात धान निसवलेलं असतं, तेव्हा संध्याकाळच्या दिव्यांवर तुडतुडे आणि पाखरं तुटून पडतात. पवनीहून रात्री परतलेल्या गाडीचं तोंड सकाळी बघवत नाही. कार्तिकात मळणीची धूळ आणि धानाची कुसं. मग हिवाळाभर पहाटेचं दव ही सगळी धूळ भिजवतं, ऊन तिला पुन्हा वाळवतं, आणि पत्र्यावर ठिपक्यांचं एक दाट जाळं उरतं.

या सगळ्यांच्या जोडीला बाराही महिने पडते ती राख. हा धानाचा पट्टा आहे. उसना तांदूळ करणाऱ्या गिरण्या धान वाफवायला धानाचंच तूस जाळतात. धानाच्या वजनाचा साधारण पाचवा हिस्सा तूस, आणि जळालेल्या तुसाचा पुन्हा साधारण पाचवा हिस्सा राख. वारा फिरला की ही करडी, कुरकुरीत राख ओट्यावर, वाळत घातलेल्या लुगड्यांवर, गाडीच्या बॉनेटवर येऊन बसते. फुंकरीनं उडेल इतकी हलकी, म्हणून ती निरुपद्रवी वाटते. पण धानाचं रोप जमिनीतली सिलिका मुळांवाटे ओढून घेतं आणि पानांत, तुसात साठवतं. निंदताना धानाचं पातं हाताला कापतं ते त्यामुळंच. तूस जळतं तेव्हा बाकीचं सगळं धूर होऊन जातं आणि उरलेल्या राखेत ८५ ते ९५ टक्के सिलिकाच असते. नदीतली वाळू ज्याची बनलेली, तीच ही सिलिका. बॉनेटवरची राख कोरड्या फडक्यानं पुसणारा माणूस बारीक वाळूनं रंग घासत असतो, आणि त्याला ते दिसत नाही.

याच राखेनं माझ्या आजीचा पितळी गुंड चमकत असे. भंडाऱ्याची ओळख पितळी भांड्यांची. आमच्या बाजूला लग्नात मुलीबरोबर गुंड, गंगाळ, पराती जात, त्या बहुतेक भंडाऱ्याच्या बाजारातल्या. आजी परसात बसून आधी चिंचेचा कोळ लावायची. चिंचेतल्या आम्लानं पितळेवरचा काळसर थर सुटायचा. मग चुलीतली नाहीतर गिरणीतली राख नारळाच्या किशीवर घेऊन ती गुंड असा घासायची की उन्हात त्याच्याकडे पाहवत नसे. त्या गुंडाच्या गळ्याखाली कासारानं ठिपक्याठिपक्यांनी आजोबांचं नाव घातलं होतं. माझ्या लहानपणी ते वाचता येई. आता नुसती अक्षरांची वळणं बोटाला लागतात, तीही अंधारात, डोळे मिटून शोधली तर. कोणी ते नाव खोडलं नाही. रोजच्या मायेनं, रोजच्या स्वच्छतेनं ते पुसत गेलं. पितळ असं चमकतं: आपल्या अंगाचा एक पापुद्रा देतं आणि खालचा नवा दाखवतं. गुंड जाड होता, त्याला ते परवडलं. तीन पिढ्या घासूनही त्याला भोक पडलं नाही.

गाडीच्या रंगाला हे परवडत नाही. आजच्या गाडीच्या पत्र्यावर आधी अस्तराचे थर असतात, त्यावर रंग, आणि रंगावर पारदर्शक लाखेसारखा एक थर, ज्याला रंगकाम करणारे क्लिअर कोट म्हणतात. हे सगळे थर मिळून जाडी साधारण १०० ते १४० मायक्रॉन. त्यातला वरचा पारदर्शक थर ४० ते ५० मायक्रॉनचा. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन धरला, तर गाडीची सगळी झळाळी केसाहूनही कमी जाडीच्या पापुद्र्यात राहते. उन्हातले अतिनील किरण अडवायची जबाबदारीही याच थरावर. तो झिजला की खालचा रंग उघडा पडतो. मग टप पांढुरका, खवल्याखवल्यांचा होतो आणि गेलेला थर कोणत्याही पॉलिशनं परत येत नाही. जुन्या अँबॅसिडर, प्रीमियर पद्मिनीच्या काळात रंगावर असा वेगळा थर नसे. पॉलिश करताना फडक्याला गाडीचा रंग लागायचा, आणि जुन्या ड्रायव्हरांना त्यात काही वावगं वाटत नसे. त्यांच्या हाताला लागलेली सवय आमच्या पिढीनं तशीच उचलली. गाडी बदलली, फडकं तेच राहिलं.

सकाळी उठून गाडीवर कोरडं फडकं मारणं हे आपल्याकडे गाडीवाल्याच्या नीटनेटकेपणाचं लक्षण मानलं जातं. भंडाऱ्याच्या बसस्थानकाबाहेर टॅक्सीवाले, तहसील कार्यालयासमोर सरकारी गाड्यांचे चालक, सगळे हेच करतात, आणि मनापासून करतात. त्या गाड्या दुपारच्या उन्हात पाहाव्यात. सूर्याचं प्रतिबिंब जिथं पडतं तिथं त्याच्याभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखी गोल वर्तुळं दिसतात. लोक म्हणतात, गोल गोल पुसल्यामुळं असं होतं. खरं तर ओरखडे सगळ्या दिशांना पडलेले असतात. त्यातले जे प्रकाशाच्या वाटेला आडवे येतात तेवढेच चमकून डोळ्यात शिरतात, म्हणून प्रकाशाभोवती वर्तुळ उमटल्याचा भास होतो. सूर्य सरकला की तेच जाळं दुसरीकडे दिसतं. म्हणजे जाळं एका जागी नसतंच, सगळ्या पत्र्यावर असतं. मला हे कळलं तेव्हा मी त्या चालकांच्या फडक्याबद्दल फार विचार केला. इतकी निष्ठा, रोज सकाळी, आणि तिचं फळ हे.

गाडी घरी धुण्याचं सगळं कसब एका गोष्टीत आहे: हात लावण्याआधी जितकं सुटेल तितकं पाण्यानंच सुटू द्यायचं. हे मला कोणत्याही गाडीवाल्यानं शिकवलं नाही. ते मी पोळ्याच्या दिवशी बाबांकडून शिकलो, तेव्हा आमच्या घरी गाडी नव्हती, बैलजोडी होती.

पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांच्या खांद्यांना हळद आणि तूप लावून शेक द्यायचा, त्यांना दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं आवतण द्यायचं, आणि पोळ्याच्या सकाळी त्यांना बोडीवर न्यायचं. बोडी म्हणजे आमच्याकडचा लहान तलाव. रोवणीच्या हंगामातला चिखल बैलांच्या पोटाखाली, मांड्यांवर वाळून ढलप्यांसारखा बसलेला असे. मी उत्साहानं तणसाचा बोळा घेऊन घासायला धावायचो. बाबा हात धरायचे. "पानी मुरू दे आधी. मंग हात लाव." बैल पोटापर्यंत पाण्यात उभा करायचा, वरून पाणी ओतत राहायचं, आणि गप्प थांबायचं. चिखल आपोआप मऊ होऊन सुटायचा, पाण्यात तांबूस ढग उठायचा. वाळलेला चिखल ओढला तर त्याच्याबरोबर केस उपटतो, कातडं सोलतं, आणि मग तिथं माशी बसते. बोळा फिरायचा तो शेवटी, केसांच्या दिशेनं, पाठीवरून खाली, पायाकडे. खुराला लागलेला बोळा परत पाठीवर नाही.

आज मी आंगणात गाडी धुतो तेव्हा त्याच क्रमानं धुतो. सूर्य कवेलूंच्या वर येण्याआधी, किंवा संध्याकाळी पत्रा निवल्यावर. तापल्या पत्र्यावर साबण वाळतो आणि त्याचेच डाग पडतात. आधी चाकं, कारण ब्रेकच्या पट्ट्या झिजून उडालेली लोखंडी भुकटी तिथं बसलेली असते, सगळ्यात घाणेरडं काम आधी उरकलेलं बरं. त्यांचा ब्रश आणि त्यांचं फडकं वेगळं. मग साऱ्या गाडीवर नुसतं पाणी, वरून खाली, आणि थांबणं. राख पाण्याबरोबर वाहून जाते, चिखल मुरतो, तुडतुड्यांची वाळकी अंगं फुगून सैल होतात. पाखरांच्या विष्ठेवर ओलं फडकं पाच-दहा मिनिटं नुसतं ठेवायचं. आमच्या चिंचेवर बगळ्यांची वस्ती आहे, त्यामुळं हे काम मला नेहमीचं. विष्ठेतल्या आम्लापेक्षाही ऊन वाईट: दुपारी पत्रा तापतो, वरचा थर किंचित मऊ होतो, आणि सुकून आकसलेल्या विष्ठेचा आकार तो संध्याकाळी निवताना स्वतःवर उमटवून घेतो. म्हणून बगळ्याची विष्ठा उद्यावर ठेवायची नाही.

मग दोन बादल्या. एकीत साबणाचं पाणी, दुसरीत साधं. मऊ मोजा साबणात बुडवायचा, गाडीचा एक भाग धुवायचा, मोजा साध्या पाण्यात खळखळून त्यातली माती सोडायची, आणि मगच पुन्हा साबणात. एकाच बादलीनं धुतलं तर टपावरची राख बादलीत जाते आणि बादलीतून दारावर येते. घाण फक्त जागा बदलते. साबण गाडीचाच. कपड्यांच्या पावडरीत सोडा असतो, तो मेणाचा थर काढून नेतो आणि रबराच्या पट्ट्या कोरड्या करतो. भांड्यांच्या वडीत तर घासण्यासाठी दगडाची बारीक पूड घातलेली असते. आजीच्या राखेचं काम आता ती करते. टप, काचा, बॉनेट, दारांचा वरचा भाग, आणि शेवटी खालचा, जिथं सगळ्यात जास्त वाळू असते. सरळ रेषेत, हलक्या हातानं. दाब द्यावासा वाटला की समजावं, इथं अजून पाणी मुरलेलं नाही. पुसायला मायक्रोफायबरचा जाड टॉवेल. केसाहून कितीतरी बारीक कृत्रिम धाग्यांचं कापड बनवायचं तंत्र १९७० च्या सुमारास जपानात विकसित झालं. त्यातली फट इतकी बारीक की उरलासुरला कण कापडाच्या आत शिरतो, पत्र्यावर रगडला जात नाही. तो टॉवेल पसरून ओढायचा, नाहीतर नुसता टेकवून पाणी टिपायचं.

या साऱ्याला वेळ लागतो. रस्त्याला लागून असलेल्या वॉशिंग सेंटरवर जोरदार फवाऱ्यानं ट्रॅक्टर धुतात तशीच गाडीही थोड्या वेळात धुऊन मिळते, आणि नागपुरात तर सिरॅमिकचं लेपन करून देणारी चकचकीत दुकानं आहेत. त्यांना मी नावं ठेवणार नाही. ज्याच्याजवळ आंगण नाही त्यानं काय करावं? पण बाबा बैल दुसऱ्याकडून धुऊन घेत नसत, त्याचं कारण आता मला अधिक कळतं. धुताना त्यांचा हात पाहत असे. मानेवर जू घासून आलेली सूज, कानाच्या मुळाशी लपलेली गोचीड, खुराच्या फटीत अडकलेला खडा, बरगडीवर मागच्या महिन्यापेक्षा कमी झालेलं मांस, हे सगळं त्यांना बोळ्याखाली कळायचं. वर्षाचा बैलाचा हिशेब बोडीत उभं राहून मांडला जायचा. गाडीचंही तसंच आहे. बॉनेटच्या पुढच्या कडेला खडीनं उडालेला टवका मोज्याखाली खरखर करतो. तो तिथंच रंगाच्या थेंबानं झाकला तर गंज लागत नाही; पुढच्या पावसापर्यंत राहिला तर त्याच्याभोवती रंग फुगतो. काचेच्या खाली, वायपरच्या मुळाशी, कडुलिंबाची पानं कुजून पाण्याची वाट अडवतात. दारांच्या खालच्या कडेला पाणी झिरपायला बारीक भोकं असतात, ती रोवणीच्या चिखलानं बुजतात आणि मग दार आतून सडतं. काडी घालून ती मोकळी करायची. टायरच्या बाजूला लागलेला काप. नंबरप्लेटचा ढिला स्क्रू. या गोष्टी चालवताना कळत नाहीत, धुताना कळतात, आणि फक्त त्यालाच कळतात ज्याला गाडी मागच्या वेळी कशी होती ते ठाऊक आहे.

धुतल्यावर एक परीक्षा घ्यावी. हाताला पातळ प्लॅस्टिकची पिशवी घालून बॉनेटवरून हलके बोटं फिरवावीत. डोळ्यांना आरसा दिसणारा पत्रा बोटांना रव्यासारखा लागतो. पिशवी बोट आणि पत्रा यांच्यातलं घर्षण कमी करते, म्हणून नुसत्या बोटाला न जाणवणारे कण जाणवू लागतात: ब्रेकची लोखंडी भुकटी, डांबराचे शिंतोडे, झाडाचा चीक. हे साबणानं निघत नाहीत, रंगात रुतलेले असतात. त्यासाठी क्ले बार नावाचा मळलेल्या मातीसारखा गोळा मिळतो, हेही जपानकडून आलेलं. पत्रा ओला, गुळगुळीत ठेवून तो गोळा हलक्या हातानं सरकवायचा. सुरुवातीला तो अडखळतो, आवाज करतो, मग अचानक निःशब्द सरकू लागतो. तिथं थांबायचं. गोळा जमिनीवर पडला तर टाकून द्यायचा, कारण आमच्या आंगणातली प्रत्येक मातीची कणी आता त्यात आहे. हे काम वर्षातून एकदा-दोनदाच, कारण कितीही जपून केलं तरी त्यात घासणं आहेच.

त्यानंतर मेण. सगळ्यात कठीण वनस्पतिज मेण कार्नौबाचं, ब्राझीलच्या ईशान्येकडच्या कोरड्या प्रदेशातल्या एका ताडवर्गीय झाडाच्या पानांवर ते तयार होतं. तिथल्या उन्हाळ्यात पानातलं पाणी उडून जाऊ नये म्हणून झाड स्वतःला या मेणानं माखून घेतं. साधारण ८२ ते ८६ अंश सेल्सिअसला ते वितळतं, त्यामुळं विदर्भाच्या मे महिन्यातही पत्र्यावर टिकून राहतं. मला ही गोष्ट फार आवडते. नागपुरात मे २०१३ मध्ये पारा ४७.९ अंशांवर गेला होता, आमच्याकडे त्याहून फार वेगळं नसतं. आणि अशा उन्हात माझी गाडी दुसऱ्या एका तापल्या देशातल्या झाडाची युक्ती पांघरून उभी असते. मेण अगदी पातळ लावायचं. जाड लावलं तर जास्त काळ टिकतं असं नाही, पुसताना मात्र जास्त घासावं लागतं. मृगाच्या आधी एकदा आणि दिवाळीनंतर एकदा लावलं की पावसाचं पाणी मोत्यांनी ओघळतं, राखही फारशी चिकटत नाही, आणि पुढचं धुणं पाण्यावरच भागतं. आम्ही बैलाच्या शिंगांना पोळ्याला तेल चोपडायचो, त्यामागंही ऊन आणि पाणी दोन्हींपासून शिंग फुटू नये हाच विचार असावा.

आता पाण्याबद्दल लिहायलाच हवं, कारण आमच्या घरात गाडी धुण्यावरून जो वाद होतो तो पाण्यावरूनच. आईच्या डोक्यात अजून विहिरीचा रहाट आहे. नळी लावून गाडी धुणारा कोणी दिसला की ती ओट्यावरून म्हणते, "पानी का आभाळातून फुकट पडते?" नळीतून मिनिटाला दहा-पंधरा लिटर पाणी सहज जातं, पंधरा मिनिटं ती चालू ठेवली की दोनशे लिटर गेले. बादल्यांनी आणि एका झारीनं तेच काम ५०-६० लिटरमध्ये होतं. मार्च २०२४ मध्ये बेंगळुरूत पाणी इतकं आटलं की तिथल्या पाणीपुरवठा मंडळानं पिण्याच्या पाण्यानं गाडी धुण्यावर बंदी घातली आणि ५,००० रुपये दंड ठेवला. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी न्यावं लागलं होतं, ते कोणी विसरलेलं नाही. मे महिन्यात मी गाडी धूत नाही. ओल्या फडक्यानं काचा आणि दिवे पुसतो, बाकीची राख राहू देतो. पाणी न लावता राख पुसण्यापेक्षा ती तिथंच राहिलेली रंगाला बरी.

बोअरचं पाणी आणखी एक अडचण करतं. जमिनीतून येताना ते कॅल्शियम, मॅग्नेशियम घेऊन येतं. भारतीय मानक आय.एस. १०५०० पिण्याच्या पाण्यात लिटरला २०० मिलिग्रॅम कठीणपणा योग्य मानतं आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतं. प्यायला चालणारं हे पाणी गडद रंगाच्या पत्र्यावर थेंब वाळून चुन्याचे पांढरे गोल ठेवतं. पावसाचं पाणी मात्र मऊ असतं. म्हणून वळचणीखाली मी एक ड्रम ठेवला आहे. पहिल्या सरीचं पाणी कवेलूंवरची राख घेऊन येतं, ते वाडीतल्या केळीला जातं, त्यानंतरचं ड्रममध्ये. गाडीवरचं शेवटचं पाणी या ड्रमातलं. आईनं हा ड्रम पाहिला त्या पावसाळ्यापासून तिची तक्रार बरीच मऊ झाली.

राहिला प्रश्न, धुतलेलं पाणी जातं कुठं. जर्मनीत अनेक नगरपालिका हद्दींत घरासमोर उघड्या मातीवर गाडी धुवायला मनाई आहे. साबण, तेल आणि ब्रेकची भुकटी जमिनीतल्या पाण्यात उतरते म्हणून. आमच्याकडे उलट रीत पडली आहे: ट्रॅक्टर आणि गाड्या सरळ तलावात उतरवून धुतात. बैल तिथं धुतले जात, म्हणून त्यांच्या जागी आलेलं यंत्रही तिथंच, असा साधा हिशेब त्यामागं आहे, आणि तो मला समजतो. पण बैलाच्या अंगावरून चिखल, शेण आणि हळद उतरे. ट्रॅक्टरखालून डिझेल, ग्रीस आणि जळकं ऑइल उतरतं. पूर्व विदर्भातले मालगुजारी तलाव बांधणाऱ्यांत कोहळी समाजाची कामगिरी सगळ्यांना ठाऊक आहे. त्या पाण्यावर धान पिकतं आणि ढिवरांच्या संस्था मासे वाढवतात. साबणातल्या फेस करणाऱ्या द्रव्यांनी माशांच्या कल्ल्यांना इजा होते. एकेकाळच्या भंडारा जिल्ह्याचाच भाग असलेल्या आणि १९९९ मध्ये वेगळ्या झालेल्या गोंदिया जिल्ह्यात, अर्जुनी मोरगाव भागात, ढिवर बायकांनी तलावातलं बेशरमचं तण उपटून पाणवनस्पती पुन्हा लावल्या, मासे परत आणले. ज्या पाण्यासाठी कोणी कंबरभर चिखलात उभं राहतं, त्यात आपण ऑइलचा तवंग सोडायचा हे मला पटत नाही. तरुण पोरांना मी हे सांगतो, न रागावता सांगतो, आणि त्यांतले काही ऐकतात.

आमच्या पाण्याला मोठा धडा शेजारच्या शहरानं दिलेला आहे. नागपूरचं सांडपाणी नाग नदीतून, कन्हानमार्गे वैनगंगेत येतं आणि पवनीजवळ गोसेखुर्दच्या जलाशयात साठतं. या धरणाची पायाभरणी २२ एप्रिल १९८८ रोजी झाली. ज्यांची गावं त्यात गेली त्यांच्या अनेक कहाण्या या भागात घराघरांत आहेत. इतकं देऊन मिळालेलं पाणी लाखो घरांच्या साबणाचा फेस आणि जलपर्णी घेऊन येतं. नागपुरातल्या कोणाही एका माणसानं मुद्दाम ते केलेलं नाही. प्रत्येकानं आपल्या न्हाणीतली एक बादली सोडली. म्हणून माझ्या दोन बादल्याही मी नालीत ओतत नाही. चाकांचं काळं पाणी वेगळ्या खड्ड्यात, वाळू-विटांच्या तुकड्यांवर, विहिरीपासून लांब; बाकीचं सौम्य साबणाचं पाणी आंगणाच्या कडेच्या मेंदीला. भाजीच्या वाफ्यात कुठलंच नाही.

आणि मग दसरा येतो. पावसाळा सरलेला, आकाश धुतलेलं, धान पिवळं पडू लागलेलं. खंडेनवमीला शेतकऱ्याच्या घरी अवजारांची पूजा होते: विळे, कुऱ्हाडी, नांगराचा फाळ, आता पंप आणि फवारणीयंत्रही, आणि अर्थातच गाडी. वर्षातलं माझं सगळ्यात सावकाश धुणं त्या दिवशीचं असतं. झेंडूच्या माळा, चाकांखाली लिंबू, आणि बॉनेटवर आईच्या हातचा हळदी-कुंकवाचा स्वस्तिक. हळदीचा डाग उन्हात फिकट होतो, पण लगेच जात नाही. कुंकू तेलात कालवून लावलं तर गडद रंगावरही लालसर छाया राहते, आणि ती काढायला पुन्हा घासणं आलं. मी आईला हे सगळं एकदा नीट समजावलं: क्लिअर कोट, केसाहूनही कमी जाडी, तिच्या सासूच्या गुंडावरचं पुसलेलं नाव. ती ऐकत होती, एका हातात कुंकवाची डबी, दुसऱ्या हाताची अनामिका आधीच माखलेली.

"काचेले काई होत नाई ना?" तिनं विचारलं.

काचेला काही होत नाही, मी म्हणालो. काच रंगापेक्षा कितीतरी कठीण. ओल्या फडक्यानं निघतं.

तिनं समोरच्या काचेच्या वरच्या कोपऱ्यात, चालवणाऱ्याच्या डोळ्यांआड येणार नाही अशा बेतानं, स्वस्तिक काढला, आणि ताटातली उरलेली हळद चाकाच्या टायरला लावली. टायरला हळद लागलेली चालते. पुढच्या धुण्याला ती निघते.